बीट, खजूर आणि गूळ खाऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत, भांडुपला राहतात आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करतात. तीन महिन्यांपूर्वी त्यांचे हिमोग्लोबिन ९.४ होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पण पोट बिघडते म्हणून त्यांनी आठवड्याभरात त्या बंद केल्या आणि त्याऐवजी रोज बीट-गाजराचा रस, चार खजूर आणि गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू सुरू केला. आता हिमोग्लोबिन ९.६ आहे. रोजच्या पदार्थांचे जे गुण सांगितले जातात ते खरे की नुसते ऐकीव, आणि खायचेच तर नेमके काय, असे त्यांनी विचारले आहे. सोबत दिनक्रमही कळवला आहे: सकाळी साडेसहाला चहा-बिस्किट, आठला पोहे किंवा उपमा आणि पुन्हा चहा, दुपारी एकला डबा आणि लगेच कटिंग, पाचला चहा, रात्री साडेनऊला जेवण, शेवटी दहीभात आणि त्यावर कॅल्शियमची गोळी. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी घरात मासे होतात; बाकीचे दिवस शाकाहार असतो.

ताई, आधी हिशेब मांडू, कारण तो मांडला की बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय ठरतो. तुमचे वजन ५५ किलोच्या आसपास आहे असे धरले, तर ९.४ वरून १२ पर्यंत पोहोचण्यासाठी आणि शरीरातील रिकामा झालेला लोहाचा साठा पुन्हा भरण्यासाठी मिळून सुमारे ८०० मिलिग्रॅम लोह प्रत्यक्ष रक्तात उतरावे लागते. आता आहाराकडे पाहा. पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोजची झीज भरून काढण्यासाठीच दीड ते दोन मिलिग्रॅम लोह शोषले जाणे आवश्यक असते. चांगल्या आहारातून ती झीज भरून वर रोज एक मिलिग्रॅम शिल्लक पडले, आणि ही फार उदार कल्पना आहे, तरी ८०० मिलिग्रॅम जमायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून तीन महिन्यांत ९.४ चे ९.६ झाले यात नवल नाही. खरे तर एवढा फरक प्रयोगशाळेतील मोजणीच्या चढउतारातही पडू शकतो. अन्न हे पातळी टिकवण्याचे साधन आहे आणि पुन्हा घसरण होऊ नये यासाठी त्याच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही. परंतु एकदा तळाला गेलेला साठा भरण्याचे काम गोळीचे आहे. गोळी बंद करून तिच्या जागी बीट आणणे ही चूक झाली. बीट गोळीच्या जोडीला चालले असते.

बिटाचा रंग लाल आहे, रक्तही लाल आहे, आणि एवढ्या साम्यावर मुंबईतल्या रसवंतीवाल्यांपासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांचा विश्वास बसलेला आहे. प्रत्यक्षात १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते, आणि रस गाळून घेतला की त्यातलेही काही चोथ्यात जाते. बिटात नायट्रेट असतात आणि त्यांनी रक्तदाब थोडा उतरतो, हा गुण अभ्यासांतून दिसलेला आहे. मात्र तो रक्तवाढीचा गुण नव्हे. याच्या उलट एक गंमत सांगण्यासारखी आहे: बीट खाल्ल्यावर लघवी लालसर होण्याचा प्रकार लोहाची कमतरता असलेल्यांत अधिक आढळतो. म्हणजे बीट रक्त वाढवत नसले तरी रक्त कमी असल्याची चुगली मात्र करते.

गुळाचेही तसेच. १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते आणि हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण लाडवात गूळ येतो दहा-पंधरा ग्रॅम, म्हणजे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. चार खजुरांतूनही एक-दीड मिलिग्रॅमच्या पुढे मजल जात नाही, बहुधा त्याहून कमीच. हे पदार्थ वाईट नाहीत. साखरेच्या बिस्किटापेक्षा गूळदाण्याचा लाडू केव्हाही चांगला. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे, आणि तुमचे हे तिन्ही उपाय मिळून त्यातले जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम भरतात.

आहारात २९ मिलिग्रॅम लागतात आणि शरीराला मात्र दोनच हवे असतात, हे कसे? कारण धान्य, डाळी आणि भाज्यांतील लोह फार हट्टी असते. त्यातले शंभरातले पाच-दहा भागच आतड्यातून पुढे सरकतात, आणि ते पाच होतील की दहा हे त्या वेळी ताटात शेजारी काय आहे यावर ठरते. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. एखाद्या पदार्थाचे 'फायदे' म्हणून जी यादी सांगितली जाते, ती त्या पदार्थाला एकटे धरून केलेली असते. माणूस मात्र पदार्थ एकटा खात नाही. वीसेक वर्षांपूर्वी दादरला सल्ला द्यायला सुरुवात केली तेव्हा मीसुद्धा येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती 'लोहयुक्त पदार्थ' अशी छापील यादी ठेवत असे. जेवणावर काय पिता, असे कोणालाही विचारत नव्हतो, आणि महिन्यामागून महिने अहवाल जागचे हलत नव्हते. पुढे विचारू लागलो. उत्तर बहुतेक वेळा एकच यायचे: चहा.

तुमच्या सकाळच्या आठच्या बशीकडे पाहा. पोहे हे आपल्याकडचे खरोखर चांगले खाणे आहे. पॉलिश केलेल्या तांदळात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी लोह असते, तर पोह्यांत चारच्या वर असते, कारण ते लोखंडी यंत्राखाली चेपले जातात. त्यावर आपण लिंबू पिळतो, आणि लिंबातील क जीवनसत्त्व धान्यातल्या लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. ही जोडी ज्यांनी जुळवली त्यांना रसायन माहीत नव्हते, पण जिभेने काम चोख केले. आणि मग शेजारी चहाचा कप येतो. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला पकडून असा गोळा बनवतात की तो आतड्यातून आत जाऊच शकत नाही. जेवणासोबत घेतलेल्या काळ्या चहाने वनस्पतिजन्य लोहाचे शोषण अर्ध्याहून अधिक घटते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दूध घातल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. ग्रीन टी आरोग्यदायी म्हणून घेणाऱ्यांचीही यातून सुटका नाही, आणि कॉफी व कोको त्याच वाटेचे प्रवासी आहेत. लिंबाने दिलेले चहाने काढून घेतले, असा हा व्यवहार रोज आठ वाजता होतो आणि एक वाजता डब्यानंतरच्या कटिंगने पुन्हा होतो.

चहा सोडा असे मी सांगणार नाही. मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला हा सल्ला देणे म्हणजे तो पाळला जाणार नाही याची तजवीज करणे होय. चहा जेवणापासून एक तास दूर न्यावा, एवढेच पुरे. तुमचा साडेसहाचा चहा जागेवर ठीक आहे, पाचचाही ठीक आहे. आठचा चहा कार्यालयात पोहोचल्यावर साडेनऊला घ्यावा, आणि दुपारचा कटिंग अडीचच्या सुमारास. जेवण झाल्यावर तोंडाला काही हवेच असते, तर स्टेशनबाहेर मीठ-तिखट लावून मिळणारा पेरू घ्यावा. फक्त तो आपल्यासमोर धुऊन, कापून घ्यावा, आधीच कापून ठेवलेला नको. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, लिंबाच्या रसापेक्षा कित्येक पट अधिक, आणि चहाच्या जागी पेरू बसला की दुपारच्या त्याच डब्याचे मोल बदलते. आवळ्यात ते पेरूहूनही थोडे जास्त असते, मात्र मुरवलेल्या, उकळलेल्या मोरावळ्यात ते तेवढे उरत नाही. याच कारणाने लिंबूही भाजी शिजताना न पिळता खाताना पिळावे. डब्यात एक फोड वेगळी ठेवली की काम झाले.

डब्यात काय असावे, हा पुढचा भाग. मला सर्वांत भरवशाची वाटते ती मोड आलेल्या कडधान्याची उसळ: मटकी, मूग, चवळी, हरभरे. कडधान्यांत लोह चांगले असते, पण सोबत फायटेट नावाचे द्रव्य असते आणि तेही लोह अडवते. भिजवण्याने आणि मोड आणण्याने फायटेट कमी होते, आंबवण्यानेही होते. इडली-डोसा आणि आंबोळी त्या दृष्टीने नुसत्या पोळीपेक्षा सरस ठरतात. वालाचे बिरडे करणाऱ्या घरांत तर वाल भिजवतात, मोड आणतात आणि मग एकेक दाणा सोलतात. ते सोलणे कंटाळवाणे असते, घरातल्या मुलांना त्याच कामाला बसवले जाते हेही खरे. परंतु टॅनिन मुख्यत्वे सालातच असते, तेव्हा त्या कंटाळ्याचा मोबदला मिळतो. ज्यांच्या घरी बिरड्यात किंवा वांग्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालतात त्यांचे ताट आणखी पुढचे, कारण मांस-माशांतील लोह वेगळ्या प्रकारचे असते. ते स्वतः अधिक सहज शोषले जाते आणि शिवाय त्याच घासातल्या भाजी-धान्यातील लोहालाही ओढून नेते. म्हणून बुधवार-शुक्रवारी नुसता तळलेला तुकडा आणि भात यापेक्षा जवळा घातलेली भाजी किंवा कोलंबी घातलेली मेथी अधिक उपयोगाची. तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, यांमध्ये लोह बांगड्या-सुरमईपेक्षा बरेच जास्त असते. त्या जिवंत, शिंपले घट्ट मिटलेल्या घ्याव्यात, नीट शिजवाव्यात, आणि पावसाळ्यात टाळलेल्या बऱ्या. अंड्याविषयी मात्र गैरसमज आहे. बलकात लोह असते, पण त्यातल्याच एका प्रथिनाने ते इतके धरून ठेवलेले असते की आपल्याला फारसे मिळत नाही. अंडे प्रथिनांसाठी खावे.

पालेभाज्यांत पालकाचे नाव फार झाले आहे. पालकापेक्षा माठ, लाल माठ आणि चवळी या आपल्या स्वस्त जुड्या लोहात उजव्या आहेत, आणि जुलैत दादरच्या बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुरडू, फोडशी घेऊन बसतात तेव्हा त्याही घ्याव्यात.

भाकरीच्या बाबतीत बाजरी पहिली. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, ज्वारीत चारच्या जवळपास. महाराष्ट्रात २०१२ साली 'धनशक्ती' नावाचे अधिक लोहाचे बाजरीचे वाण आले. तशा लोहसमृद्ध बाजरीची भाकरी आणि शेव महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना रोज दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या रक्तातील फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे माप, वाढलेले आढळले. एक पदार्थ, पण दोन्ही वेळच्या जेवणात, रोज आणि महिनोन्महिने; अन्नाचा परिणाम दिसतो तो असा. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात स्त्रियांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध असलेला खाऊ देण्याचा मोठा प्रयोग झाला होता, त्याचा विषय लोह नव्हता, बाळाचे वजन होता; तिथेही वजनात फरक दिसला तो गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाऊ खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत. तुम्ही रस तीन महिने घेतला याचे मला कौतुकच आहे. नियमितपणा तुमच्याकडे आहे, पदार्थ तेवढा चुकला.

आता नाचणीबद्दल, कारण तो प्रश्न पुढे येणारच. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि त्यात तिला धान्यांत जोड नाही. पण लोहासाठी म्हणून दुधात कालवलेले नाचणीसत्त्व पिणाऱ्यांची अपेक्षा फारशी पुरी होत नाही: नाचणीत स्वतःचे टॅनिन आणि फायटेट असतात आणि दुधातले कॅल्शियम लोहाच्या आड येते. हाडांसाठी ती जरूर घ्यावी, रक्ताच्या खात्यात तिची जमा धरू नये. दह्याताकाला तुम्ही घाबरण्याचे कारण नाही, कारण रोजच्या मिश्र आहारात त्याचा अडथळा तितका मोठा राहत नाही. पण कॅल्शियमची गोळी हा एकदम मोठा डोस असतो आणि ती रात्रीच्या जेवणावर घेणे योग्य नाही. ती पाचच्या चहासोबत घ्यावी. एकाच जेवणाकडून लोह आणि कॅल्शियम दोन्ही मागितले की भांडण होते. म्हणून पाचची वेळ कॅल्शियमची आणि नाश्ता, दुपार, रात्र लोहाची, अशी वाटणी करून द्यावी.

लोखंडी तवा आणि कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढावी. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घातलेली आमटी-भाजी लोखंडी कढईत शिजवली की भांड्यातले थोडे लोह तिच्यात उतरते. शिजल्यावर ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर रंग काळपट येतो आणि चव उतरते. रेशनवरील तांदळात गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले गेले आहेत; ते थोडे निराळे दिसतात म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून अनेक घरांत निवडून टाकले जातात. ते टाकू नयेत.

गोळीकडे परत येतो, कारण तुमच्या बाबतीत ती टाळता येणार नाही. मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळा शौच हे तिचे नेहमीचे त्रास आहेत. त्यातला काळा शौच निव्वळ रंगाचा प्रश्न आहे, त्याने घाबरू नये. त्रास होतो म्हणून गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे: गोळीतील लोहाच्या क्षाराचा प्रकार बदलता येतो, मात्रा कमी करता येते, आणि एक दिवसाआड दिलेली गोळी रोजच्यापेक्षा प्रमाणात अधिक शोषली जाते असे अलीकडच्या अभ्यासांत दिसल्यामुळे अनेक डॉक्टर तशीही देतात. तुमच्या दिनक्रमात ती झोपण्यापूर्वी, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत बसू शकेल. अगदीच सहन होत नसेल तर जेवणानंतर लगेच घ्यावी, शोषण थोडे घटले तरी बंद पडण्यापेक्षा ते बरे. आम्लपित्ताची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण पोटातले आम्ल घटले की लोह कमी शोषले जाते.

आणि एक गोष्ट आहाराच्या पलीकडची. दर दोन मिलिलिटर रक्तामागे सुमारे एक मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. पाळीत ८० मिलिलिटरहून जास्त रक्तस्राव होत असेल, म्हणजे दर दोन तासांत पॅड बदलावे लागत असेल, गाठी पडत असतील, सात दिवसांपुढे जात असेल, तर महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह गळते आहे आणि ताटात कितीही ओतले तरी ते पुरणार नाही. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवणे हाच आधीचा उपाय. तुमच्या घरात पुरुषांपैकी कोणाचे, किंवा पाळी गेलेल्या सासूबाईंचे हिमोग्लोबिन असेच घसरले तर त्यांना लाडू देत बसू नये. त्या वयात लोह कमी होण्यामागे पोटातून किंवा आतड्यातून होणारा रक्तस्राव असू शकतो आणि त्याची तपासणी आधी व्हावी लागते.

रक्तक्षय प्रत्येक वेळी लोहाचाच असतो असेही नाही. तुमच्या अहवालात एमसीव्हीचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा पाहा. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता संभवते. पण एमसीव्ही कमी आणि तांबड्या पेशींची संख्या मात्र चांगली भरपूर, असे असेल तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असणे शक्य असते आणि तिथे मनाने लोह घेत राहणे बरोबर नाही. एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिड तपासावे. बी-१२ निसर्गतः फक्त प्राणिज पदार्थांत आणि दुधात असते, तेव्हा तुमच्या घरातल्या पूर्ण शाकाहारी मंडळींनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते तसेही मोजून घ्यावे.

आताच्या घडीला फेरिटिन करून घ्या आणि सर्दी-ताप असताना ते करू नका, कारण दाह असला की ते खोटेच वाढलेले दिसते. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पाहावे. ते एक तरी अंकाने वर आलेले असले पाहिजे. आले तर १२ गाठल्यावरही साठा भरेपर्यंत गोळी आणखी तीन महिने चालू ठेवावी लागते. न आले तर तोच डोस पुढे रेटत बसू नका, तो अहवाल, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा व दिवस लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.